शंकरप्पाची शपथ

दुधनी, बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. शिवलीलास आज्जीचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन बंद, म्हणून मी बोलते आणि शेजारची जुलेखा लिहिते. तिचा नवरा इमामसाब टेंपो घेऊन सोलापूरला येतो, त्याच्या हाती पत्र धाडते. बालविवाह करू नका म्हणून लोकांना चार शब्द समजावून सांगायचा तुला पगार मिळतो. मी जन्मभर फुकट सांगितलं, कुणी ऐकलं न्हाय ते वेगळं.

काल शंकरप्पा दोन माणसं घेऊन ओट्यावर बसला. त्याच्या दहावीतल्या पोरीचं, सिद्धेश्वरीचं लग्न तूच थांबवलंस की. चहा घेतला, लई गोड बोलला. नात कुठल्या गाडीनं येते, एकटीच येते का, विचारत होता. मी म्हटलं, विमानानं येते. कुणी हसलं नाही गं.

आणि त्याची नखं हळदीनं पिवळी होती. घरात पुन्हा लग्न उभं राहिलंय.

तू येऊ नकोस. लोभ आहेच, भीती त्याहून जास्त.

सावित्रम्मा (अंगठा)

सोलापूर, गुरुवार, १३ फेब्रुवारी

ती. आज्जीस सा. न. वि. वि.

इमामसाबनं पत्र दिलं. शंकरप्पाच्या धमक्यांमुळेच फोन बंद ठेवलाय. पण चूक माझी आहे. पोरीला बालकल्याण समितीपुढं न्यायचं सोडून मी शंकरप्पाला गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घातली : अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. त्यानं लिंग हातात घेतलं आणि मी तिला त्याच्यासोबत घरी धाडलं. लिंग हातात धरून आपला लिंगायत माणूस खोटं बोलेल, हे मनातच आलं नाही. हे काम मी नोकरी म्हणून नाही, कायक म्हणून, देवाची पूजा समजून धरलं. आता पूजेला बसले की तिचाच चेहरा दिसतो.

बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना कळवलंय, उद्या जाऊन बघतो म्हणाले. तू घराबाहेर पडू नकोस. आशीर्वाद असू दे.

तुझी शिवलीला

दुधनी, शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चि. शिवलीला,

आशीर्वाद नंतर. तुझा अधिकारी अजून बघतोयच. हळदीच्या घरात म्हातारीला कोण अडवतं? जुलेखाला घेऊन सकाळीच शंकरप्पाकडं शिरले. लग्न लावायला मठाचे अय्या आले होते. त्यांचे पाय धरून सगळ्यांदेखत विचारलं, लिंगाची शपथ मोडणाऱ्याच्या हातचं पाणी तुम्हाला चालतं का? शंकरप्पा म्हणाला, म्हातारीला भ्रम झालाय. अय्या म्हणाले, मग लिंग हातात घेऊन तेच म्हण. त्याचा हात काही वर गेला नाही. अय्यांनी झोळी उचलली आणि निघून गेले.

आता तो दुसरा अय्या शोधायला हद्दीपलीकडं कर्नाटकात गेलाय. सांजेच्या आत येतो म्हणाला. आम्ही पोरीला घेऊन आतल्या खोलीत, कडी लावून. दाराबाहेर त्याची दोन माणसं. जुलेखानं पोलिसांना फोन केलाय, निघालो म्हणतात. पण राजीखुशीनं करतेय असंच सांगायचं, असा तिच्या आईनं पोरीला दम दिलाय. पोलिसांपुढं ती तेच सांगेल. तू समोर असलीस तरच खरं बोलेल.

तुझा फोन अजून बंदच, म्हणून हा कागद इमामसाब खिडकीतनं नेतोय. त्याच्याच टेंपोत, मागं ताडपत्रीखाली बसून ये. लाज कसली? येऊ नकोस म्हणणारी मीच आता नातीला अशा दारात बोलावतेय. जुलेखा म्हणते, हे लिहू नको. मी म्हटलं, लिही.

पोरगी सारखं विचारते, ताई येणार का. ताई निघाली, असं मी तिला सांगून टाकलंय.

राग आला तरी लोभ ठेव.

सावित्रम्मा (अंगठा)