आडवी घातलेली भिंत

मोठ्या बाई,

आता शाळेत मोठ्या बाई मला म्हणतात. तुमच्याच खोलीत बसते. खिडकी तीच आहे, बाहेरचं मात्र सगळं बदललं. तुमच्या काळात आपली शाळा गोंदियाच्या बाहेर होती. "उधर से वापसी की सवारी नहीं मिलती," म्हणत रिक्षावाला यायला कुरकुर करायचा. चारी बाजूंना धानाच्या शेतांच्या बांध्या आणि मधे आपली कौलारू, काटकोनात बांधलेली इमारत. आता बांध्यांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर दुमजली घरं झाली, समोर मोबाइलची आणि झेरॉक्सची दुकानं लागली. शाळा तेवढी तशीच राहिली. सरकारी, अवाढव्य, गोंगाटाची आणि कुणालाच नाही न म्हणणारी.

इमारतीच्या एका हातात मराठी माध्यम, दुसऱ्या हातात हिंदी, आणि दोन्ही हात मिळतात तिथे तुमची खोली. शहरातली पोरं बहुतेक हिंदीत, खेड्यावरची मराठीत. घरी मात्र कुणी पोवारी बोलायचं, कुणी गोंडी, कुणी छत्तीसगढी, आणि आमच्याकडे झाडी बोली. पुस्तकातली भाषा तशी कुणाच्याच घरची नव्हती. सालेकशाकडची जंगलातली पोरं पॅसेंजरनं यायची. गाडी उशिरा आली की प्रार्थना उशिरा, हा तुमचा नियम. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "शाळा घड्याळावर चालते की रेल्वेवर?" तुम्ही म्हणालात, "पोरं आली की चालते." मी पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होते, म्हणून मला माहीत.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला ती लिहायची आहे. दोन्ही माध्यमांचा कबड्डीचा सामना होता. शेवटच्या चढाईवरून वाद झाला, वादातून शिवीगाळ, मग कुणीतरी दगड भिरकावला. आमच्या वर्गातल्या मुलाच्या कपाळातून रक्त आलं. पट्टी बांधून तो घरी गेला तोवर बातमी चार गावांत पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात पालकच पालक, मराठीवाले एकीकडे आणि हिंदीवाले एकीकडे. माझे बाबाही होते, शेतातून तसेच आलेले, पायाला चिखल. एक म्हातारा ओरडून बोलत होता, "आमचे पोट्टे इकडं राह्यतील, त्यायचे तिकडं. एवढंच करा बाई, बाकी काई मांगत नाई." तेव्हा हिंदीवाल्यांतून एक ठेकेदार पुढे आले. चांगले मोठे ठेकेदार, सरकारी पूल बांधणारे. त्यांची मुलगी हिंदी नववीत होती. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बीच में से एक दीवार डाल देते हैं. ईंट मेरी, सीमेंट मेरा. झगड़ा ही खतम." दोन्हीकडच्या माना हलल्या. आदल्या दिवसापासून त्या मैदानात सगळ्यांचं एकमत झालं ते तेवढ्याच गोष्टीवर.

तुम्ही पायरीवर उभ्या. फिक्या निळ्या सुती साडीचा पदर खोचलेला. आम्हाला वाटलं, आता भाषण होणार. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे. विटा पाठवा. कुठं लावायच्या ते मी पाहते." बस. सगळे खूश होऊन घरी गेले. वाटेत बाबा मला म्हणाले, "बरंच झालं. पन मले वाटलं होतं, ह्या बाई एवढ्या लौकर आयकनार नाईत." मलाही तेच वाटत होतं, आणि थोडं वाईट वाटत होतं.

ट्रॅक्टरनं विटा आल्या. फाटकाजवळ लाल डोंगर उभा राहिला. शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही दोन्ही नववींना थांबवलं आणि फाटकापासून मैदानाच्या मध्यापर्यंत रांग लावली. एक मराठीचा, एक हिंदीचा, परत मराठीचा. कुणी मित्राशेजारी सरकलं की तुम्ही खांद्याला धरून जागेवर आणायच्या. वीट हातातून हातात जायची. माझ्या डाव्या हाताला नेमकी त्या ठेकेदारांची मुलगी आली. आधी आम्ही एकमेकींकडे बघतही नव्हतो. मग तिच्या हातून एक वीट माझ्या पायावर पडता पडता राहिली आणि ती म्हणाली, "सॉरी, मेरे हाथ में पसीना आ गया." मी फ्रॉकला हात पुसून दाखवला, तिनेही पुसला, आणि दोघींचे फ्रॉक लाल झाले. त्यानंतर आम्ही बोलायलाच लागलो. ती हिंदीत, मी माझ्या बोलीत, आणि अडलं कुठेच नाही. मैदानाच्या मधोमध एक मिस्त्री काम करत होता. पोरं आपसांत म्हणत होती की भिंत आहे, पायवा रुंद घ्यावा लागतो. पण पायवा वाढतच गेला, चौकोनी होत गेला, आणि पुढच्या शनिवारपर्यंत सगळ्यांना कळलं की ही भिंत नाही. हा रंगमंच आहे.

ठेकेदारांनाही कळलं. जीपमधून उतरले ते थेट तुमच्यापाशी. आमची रांग थांबली. "ये क्या है मॅडम? मैंने दीवार के लिए ईंट दी थी." तुम्ही चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. "दीवार ही तो है भाऊसाहेब. बस, लिटा दी है." रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ठेकेदारांचा चेहरा लाल झाला. आता हे विटा परत नेतात की काय, असं वाटलं. तेवढ्यात माझ्या शेजारची पोरगी, कोपरापर्यंत धुळीनं माखलेली, बापाला म्हणाली, "पापा, खड़े हो तो पकड़ो ना. लाइन रुकी है." आणि तिने वीट पुढे केली. मी त्यांच्याकडे बघत होते. ते त्या विटेकडे बघत होते. मग त्यांनी ती घेतली, तिचं वजन केल्यासारखी हातात तोलली आणि पुढच्या मुलाला दिली. त्या दिवशी ते अंधार पडेपर्यंत रांगेत होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी कुणी न मागता आणखी सिमेंट पाठवलं.

तुमच्या घरची ती सकाळ मला त्या रंगमंचाहून जास्त आठवते. उद्घाटनाला एका विद्यार्थ्यानं बोलायचं होतं आणि तुम्ही माझं नाव दिलं. मी भाषण पाठ केलं. रविवारी तुमच्या क्वार्टरवर ऐकवायला आले. तुम्ही स्वयंपाकघरात लाखोरीच्या डाळीचे वडे तळत होता. मला पाटावर बसवलं, ताटलीत दोन गरम वडे ठेवले, आणि म्हणालात, "हं, बोल." मी सुरू केलं. "आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान सन्माननीय अतिथीगण..." तुम्ही झारा कढईवर आडवा ठेवला. मागे वळून म्हणालात, "हे कोण बोलून राहिलं?" मला कळलं नाही. "मी, बाई." "नाही. तू अशी बोलत नाहीस. रांगेत उभी राहून तू त्या पोरीशी तासभर बोलत होतीस, ते मी ऐकलं. ते कुठं गेलं? काऊन लपवून राहिली?" मी रडायला लागले. तुम्ही समजूत काढली नाही. गॅस बारीक केलात आणि म्हणालात, "वडा खा, थंड होते. मग पहिल्यापासून सांग. घरी आईला सांगशील तसं."

उद्घाटनाच्या दिवशी माइकवरून मी म्हटलं, "आमी दोनी वर्गाच्या पोरायनं ह्या विटा वाहिल्या. पहिले एकमेकायशी बोलत नव्हतो. मंग हात भरले, तं बोलाच लागलं." आधी सगळं मैदान हसलं. तोंडावर हसलेलं ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हसत नव्हता, मान हलवून 'पुढे' म्हणत होता. मी पुढे बोलले. हिंदी माध्यमाच्या बाजूनं टाळ्या आधी आल्या, कारण त्यांनाही सगळं कळलं होतं. बाबा मागे उभे होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माइकवरून आपली बोली ऐकली, असं घरी आईला सांगितलं.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही निवृत्त झालात, गावी गेलात, आणि तिकडेच वारलात. मी आमगावला शिक्षिका झाले होते. मला दुसऱ्या दिवशी कळलं. नंतर मी बदल्या घेत घेत, परीक्षा देत, आपल्या शाळेत परत आले. तेव्हा शाळेला उतरती कळा लागली होती. वस्तीतली पोरं पिवळ्या व्हॅनमधून टाय लावून दुसरीकडे जात होती. आम्ही सेमी इंग्रजीचे वर्ग काढले. विज्ञान आणि गणित इंग्रजीत, बाकी मराठीत. दोन वर्षांत वर्ग भरले. आणि गेल्या वर्षी त्या सेमीच्या पालकांनी सभा मागितली. त्यांना वेगळं फाटक हवं होतं, वेगळी प्रार्थना हवी होती, आणि जमलं तर वेगळ्या रंगाचा गणवेश. बोलायची रीत अगदी गोड. एक ताई म्हणाल्या, "मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. पण आमची मुलगी घरी येऊन आता 'का' न म्हणता 'काऊन' म्हणते."

बाजूला माझे सहकारी शिक्षक बसले होते, त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसत होती. पालक बिघडले तर पट कमी होतो, पट कमी झाला तर वर्ग जातो, वर्ग गेला तर कुणाची तरी नोकरी. मी म्हटलं, "ताई, मीबी घरी काऊनच म्हणतो. तरी मले या खुर्चीवर बसवलं." काही जण हसले, त्या हसल्या नाहीत. मग मी साध्या मराठीत सांगितलं की फाटक एकच राहील, प्रार्थना एकच राहील, प्रयोगशाळेत तिन्ही माध्यमांची पोरं एकाच टेबलावर बसतील. ज्यांना मान्य नाही त्यांनी दाखला मागावा, कार्यालय उघडं आहे, कुणाला अडवणार नाही. माझ्याकडे विटा नव्हत्या, बाई. तुमच्यासारखी युक्तीही नव्हती. जे होतं ते तोंडावर सांगितलं.

काही जण गेले. तुमच्या वेळी एकही गेला नव्हता, माझ्या वेळी गेले, आणि त्या ताईंची मुलगी हुशार होती. जाताना ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, मी नाही म्हटलं होतं मम्मीले." मी तिला जवळ घेतलं आणि जाऊ दिलं. पण शाळा पडली नाही. या जूनमध्ये प्रवेशाची रांग फाटकाबाहेर गेली. एक आजोबा नवेगाव बांधहून आले होते. पोरगा मासेमारीच्या सोसायटीत, नातीच्या अकरावीसाठी इथे खोली भाड्यानं घेतलेली. मी विचारलं, "तिकडे शाळा असून इतक्या लांब कशाला?" ते म्हणाले, "तिथं तं दहावीपर्यंतच हाय. अन् इथं कोनाले हाकलत नाई म्हन्तेत." ते गेल्यावर मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मैदानात पीटीचा तास सुरू होता, आणि कोण मराठीचं, कोण हिंदीचं, कोण सेमीचं, इथून काही ओळखू येत नव्हतं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. कुणाला वाचूनही दाखवणार नाही, कारण यात एक गोष्ट आहे जी मी तुमच्या श्रद्धांजलीच्या सभेत बोलले नाही. तिथे मी म्हटलं होतं की तुम्ही माझ्या सर्वांत लाडक्या शिक्षिका होता. तसं नव्हतं. शाळेत असताना तुम्ही मला आवडत नव्हता. मला तुमची भीती वाटायची, आणि त्या वड्यांच्या दिवशी तर रागही आला होता. तुम्ही आवडायला लागलात ते गेल्या वर्षी, त्या सभेतून बाहेर पडल्यावर, व्हरांड्यात, जेव्हा पट गेला तर काय म्हणून मीच घाबरले होते आणि समोरून येणारी दोन पोरं, तुम्हाला बघून मी राहायचे तशी, मला बघून घाबरून भिंतीला चिकटून उभी राहिली.