अक्का, तू एष्टीनं जाणार होतीस

प्रिय अक्का,

परवा धोंड्याचा महिना लागला, तीन वर्षांनी. आईनं पुरणाची डाळ निवडायला घेतली आणि मधेच ताट सरकवून उठली. धोंडे करायचे कुणासाठी? जावयाला तर तिनं घरात घ्यायचंच बंद केलंय. म्हणून लिहायला बसलो. तुला सगळं ठाऊकच असेल. आईला सांगायचं राहिलंय.

गावात सध्या एकच विषय आहे. गाडी चालवणाऱ्यानं किती प्यालेली चालावी, कायद्यातली मर्यादा अजून खाली आणावी का. चहाच्या हॉटेलात रोज वाद. एक म्हणतो, "शून्यच करा." दुसरा म्हणतो, "दोन घोटानं काय व्हतंय? मानूस शुद्धीत ऱ्हातो की." मग सगळे माझ्याकडं बघतात. ज्याची बहीण गेली त्यानं बोलावं, असं त्यांना वाटतं. मी बशीत चहा ओतत बसतो.

दाजी शुद्धीतच होते गं. पोलिसांनी यंत्रात फुंकायला लावलं, तर आकडा मर्यादेच्या आत. कागदावर नशेचा गुन्हाच नाही. पण भर दुपारी रस्त्यात उभा असलेला ट्रॅक्टर त्यांना उशिरा का दिसला, हे कुठल्या कागदावर लिहायचं?

त्या दिवशी ते प्यायला नकोच म्हणत होते. अधिक महिना, घरात चालायचं नाही, म्हणून मीच त्यांना शेतातल्या आखाड्यावर, खोपीत नेलं. जावयाचा पाहुणचार करायची हौस मला! "मेहुण्याचा मान ठिवा की, दाजी," म्हणत दुसरा ग्लासही मीच भरला. वर मूठभर बडीशेप दिली.

त्या बडीशेपेनंच तुला संशय आला ना? मोटरसायकलजवळ मला बाजूला घेतलंस. "गजू, पाजलीस का त्यायला? खरं सांग. पाजली असंल तर मी एष्टीनं जाते."

मी गळ्याला चिमटा घेतला. "तुझी शप्पत अक्का, न्हाई."

तू हसलीस आणि धोंड्यांचा डबा मांडीवर घेऊन मागं बसलीस. लहानपणापासून माझ्या खोट्या शपथा ओळखत आलीस, त्याच दिवशी कशी चुकलीस?

लोहा गावाच्या पुढं, त्या ट्रॅक्टरजवळ, रस्त्यावर डब्यातले धोंडे पडले होते. मी ते एक एक करून वेचले. का वेचले, माहीत नाही.

आई म्हणते, जावयानं माझी लेक खाल्ली. दाजी ऐकून घेतात. नायगावात एकटे राहतात, पाय ओढत शाळेत शिकवायला जातात. पाजली कुणी, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही. तीन वर्षं मी त्यांच्या आड लपून बसलोय, अक्का. स्वतःची किळस येते.

रविवारी नायगावला जातोय. दाजींना घेऊन येतो, एष्टीनं. उंबऱ्यावरच आईला सांगेन, पाजली कुणी आणि शपथ कुणाची घेतली. मग तिनं दाजींना आत घ्यावं, मला बाहेर काढावं. त्यानंतर हॉटेलातही बोलेन. मर्यादा किती हवी ते विचारतात ना, त्यांना तो दुसरा ग्लास सांगेन.

हे सगळं नक्की करेन. फक्त शपथ घेत नाही.

तुझा,
गजू