उजवीकडची नथ

प्रिय योगिता,

फोन करणार होते, पण फोनवर माझा आवाज चढतो. म्हणून लिहिते.

आपल्या डिंडोलीच्या चौकात पालिकेने चुनखडीच्या दगडाचं मोठं शिल्प उभारलं आहे. सुरतेचं सगळं त्यात आहे. पतंग, जरीकाम, लूम, आणि आपल्या खानदेशी बायकांची कानबाईची मिरवणूक. गेल्या आठवड्यात त्यावरची हिरवी जाळी उतरवली. तुझे बाबा म्हणाले, लूमवरच्या माणसाची मान बरोबर वाकली आहे. तीस वर्षं त्यांनी तशीच वाकवली, त्यांना कळणारच. शेजारच्या उषाबाईंचं लक्ष मात्र कानबाईच्या नथीकडे. नथ उजवीकडे! कुठला परका कारागीर धरून आणला, देवीची नथ कुठे असते एवढंही मेल्याला ठाऊक नाही, असं म्हणत त्यांनी चार बायका गोळा केल्या. मी पुढे होऊन ती नथ नीट पाहिली. एरवी पहिला आवाज माझा असतो, म्हणून बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

तू नऊ वर्षांची होतीस. नारळाची कानबाई सजवताना हट्टाने तूच नथ अडकवलीस, ती उलट्या बाजूला. पूजा मांडून झाल्यावर ध्यानात आलं. बायका हसल्या. मी म्हटलं, बसवली ती बसवली, आता हलवायची नाही. पुढे तू मूर्तिकाम शिकायला बडोद्याला निघालीस, तेव्हा मात्र एवढं मोठं मन मला करता आलं नाही. दगडच फोडायचे तर या घरी परत येऊ नकोस, असं ही बी.ए. झालेली बाई उंबऱ्यात उभी राहून बोलली. तूही माझीच. सहा वर्षं आली नाहीस.

काल पालिकेच्या कचेरीत जाऊन कारागिरांची यादी मागितली. तुझं नाव होतं, पत्ताही. चार महिने तू घरापासून दहा मिनिटांवर होतीस. मी रोज त्या जाळीशेजारून भाजीला जात होते. एकदा धुळीवरून मी ओरडले, तर आतली टकटक एकदम थांबली. मला वाटलं, काय माझा धाक! पार कोपऱ्यावर पोचेपर्यंत छिन्नीचा आवाज पुन्हा आला नाही. आता रोज पिशवी घेऊन तिथे थांबते. घरी यायला उशीर होतो.

कानबाईच्या रोटांसाठी आपण घरातल्या प्रत्येकाच्या नावाने गव्हाची सव्वा मूठ घेतो. ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. मुलींची मूठ कुणी धरत नाही. मी तुझी धरत असे, तू गेल्यावरही सोडली नाही. दर वर्षी तुझा रोट बाबा आणि मी वाटून खातो. यंदा तो माझ्या घशाखाली उतरणार नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल. नथ डबीतून काढून ठेवली आहे, पण मी लावणार नाही. ये, आणि तुला हवी त्या बाजूला लाव.

तुझीच, अजून तशीच कडक,
आई