नाव झाकलेला निबंध

प्रिय ताई,

तू आमच्यावर रुसून घर सोडलंस, त्यानंतर तुझा ठावठिकाणाच लागला नाही. इकडे मी इस्त्रीच्या दुकानातून आले की मोबाइलवर लेखनाचा फुकटचा कोर्स करते. जगभरातले हजारो जण शिकतात. एकटे मास्तर किती निबंध तपासणार? म्हणून आम्हीच एकमेकांचे तपासतो, नावं झाकून.

या आठवड्याचा विषय होता 'लहानपणची खोली'. माझ्या वाट्याला आलेला निबंध वाचला. खोली आपलीच होती. खिडकीची मोडकी कडी, कपाटामागे आपण दोघींनी कोरलेलं मांजर. तू जिवंत आहेस, म्हणून मला रडूच फुटलं. मग पुढची ओळ वाचली : 'भिंती आता हिरव्या आहेत.' तो रंग मी गेल्याच महिन्यात दिलाय.

धावत आईकडे गेले, निबंध वाचून दाखवला. ती शांतपणे भाजी निवडत होती.

"मग? रोज दुपारी येऊन बसते की ती," आई म्हणाली. "तुझ्याशी अजून अबोलाच होता होय?"

मी तुला पैकीच्या पैकी गुण दिले. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुझ्या उशीवर ठेवते. मी घरी नसताना वाच.

तुझी,
धाकटी