माझ्या नावाचा हात

सर, तुम्हाला लिहायचं मी कधीपासून टाळतोय. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, म्हणजे उत्तराची भीती नाही, तरी टाळलंच. आज दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलोय, आत ऑपरेशन चालू आहे, म्हणून लिहितोय.

शाळेत माठ भरायची पाळी असायची. माझी पाळी टाकून मी बैलगाडा शर्यतीला पळालो आणि वर्ग दिवसभर कोरडा राहिला. तुम्ही मारलं नाहीत. नागरिकशास्त्राच्या तासाला एवढंच म्हणालात, "समाज म्हणजे करार असतो रे. प्रत्येकानं आपली पाळी भरायची, आणि कुणी पडला तर तू कोण, कुठला, हे न विचारता त्याला पाणी पाजायचं. सही कुणीच केलेली नाही, पण पाणी सगळे पितात." मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो.

आता कुरुळीत खोली आहे, ठेकेदाराकडून कंपनीत काम. गेल्या आठवड्यात पुन्हा शर्यत होती. काय बैलजोडी होती सर, पळताना जमिनीला पाय लागत नव्हते... असो. खोलीतला पार्टनर परभणीकडचा, तेव्हा रिकामाच होता. त्याला माझं कार्ड दिलं. "एक शिफ्ट मार माझ्या नावावर." आमच्यात चालतं असं. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये त्याचा उजवा पंजा गेला. कार्ड माझं, विमा माझा, म्हणून कागदावर पंजा माझा गेलाय.

सुपरवायझर म्हणाला, "गप बसा दोघं. खरं बोललात तर त्याचा इलाज बंद अन् तुला गेट बंद." इथं आधी नाव विचारतात सर, पाणी नंतर. सिस्टर त्याला माझ्या नावानं हाक मारतात, तो ओ देतो. काल म्हणाला, "भावा, तुझं नाव बरं बसलंय मला. लग्नबी ह्याच नावानं उरकतो." हसला, मग भिंतीकडं तोंड करून पडला. खरं सांगितलं तर हात सडेल. नाही सांगितलं तर कागदावर त्याला काही झालंच नाही, असंच कायमचं राहील. आज नातेवाईक म्हणून मीच सही केली, त्याच्या नावानं.

हे पत्र कुठं टाकणार? खिशातच राहील.

जिन्यातून त्याचे वडील वर आलेत. व्हिडिओ कॉलवर पाहिलंय त्यांना. कुणी कळवलं कोण जाणे. चौकशीच्या खिडकीशी उभे राहून पोराचं खरं नाव सांगताहेत, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आतल्या बाई रजिस्टर चाळून म्हणतात, "काका, ह्या नावाचं इथं कुणी नाही."

मी खाली मान घालून लिहितोय, सर. अजून उठलेलो नाही.