चारीचं दार

अण्णा, गेल्या शुक्रवारी मी वाट चुकलो, आणि तुमच्यामुळे चुकलो. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड उघडेल. आम्ही राहतो त्या सौदीतल्या खोबरपासून गाडीने दीडेक तासावर अल-हसा म्हणून खजुरांचा मुलूख आहे. वाळवंट संपतं आणि एकदम हिरवंगार सुरू होतं. नजर पोहोचेल तिथपर्यंत खजुराच्या बागा, मधून सिमेंटचे पाट आणि पाटांच्या कडेने अरुंद रस्ते. शुक्रवारी सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. एखादी पांढरी पिकअप येते, तीही हळू. आतला म्हातारा हात वर करतो आणि निघून जातो. दोन वर्षं झाली, मी गाडीच्या मागे सायकल बांधून तिथे जातो. तुमची सून म्हणते, "अहो, आठवड्यातून एक दिवस धड झोपायला मिळतो, तोही पाटाच्या कडेने घालवायचा? घराण्यातच आहे तुमच्या!" ऑफिसातला एक पुणेकर म्हणतो, घरासमोर समुद्राकाठी एवढा गुळगुळीत ट्रॅक असताना हा उपद्व्याप कशाला? आता त्याला काय सांगू? पाटाच्या कडेने निघालं की पोटऱ्यांना जी गार हवा लागते ती समुद्राकाठी लागत नाही, हे त्याला सांगून काय कळणार, कप्पाळ!

तुम्हाला मात्र कळलं असतं. तुमची सगळी नोकरीच त्या हवेत गेली, निदान मी बारा वर्षांचा होईपर्यंत. कालव्याच्या भरावावरचा तो मुरमाचा रस्ता, बैलगाड्या येऊ नयेत म्हणून तोंडाशी साखळी, आणि साखळीखालून सायकल वाकवून आत घेणारे तुम्ही. पुढच्या दांड्यावर मी, मागे कॅरिअरला चारीच्या दाराचं लोखंडी हँडल बांधलेलं. डावीकडे पाणी, उजवीकडे कुणाचा ऊस, कुणाचा कांदा. कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या प्रत्येक चारीला ते छोटं लोखंडी दार असायचं आणि ते कधी उघडायचं, कधी लावायचं हे पाटकरी म्हणून तुमच्या हातात. तुम्ही फारसं बोलत नसाच. एकदा मात्र म्हणाला होतात, "वाट चुकलास तर घाबरू नकोस. पाणी येतंय त्या बाजूला चालत राहा, मुखाशी माणूस भेटतोच." मी ते इतकं पक्कं धरून बसलो, की सत्तेचाळिसाव्या वर्षी, खिशात इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि हातात फोन असलेला माणूस, परदेशात तेच करायला गेलो.

लेक बरोबर होती. चौदा वर्षांची आहे, तुम्ही पाहिलेली नाहीत. तिला महत्प्रयासाने उठवून आणली होती, हेल्मेट घालताना म्हणाली, "यल्ला बाबा, लेट्स फिनिश धिस." तासभर छान चाललो. मग एका वळणावर मी रस्ता विसरलो, फोनला रेंज नाही, आणि मी बाप म्हणून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "काही नाही, पाणी येतंय तिकडे जायचं." अण्णा, तो पाटच नव्हता! शेतातलं निचऱ्याचं खारं पाणी वाहून नेणारा चर होता तो. इथे गोडं पाणी हल्ली नळातून येतं बागांना, उघड्यावर वाहतं ते बहुतेक वाया गेलेलं. पाटकऱ्याचा पोरगा मी, वास घेऊनच कळायला हवं होतं. उलट्या दिशेने जात जात आम्ही कुणाच्यातरी बागेच्या पोटात शिरलो. तिथे रस्त्याला दोन फाटे. मी म्हटलं, मी इथे सायकलची उतरलेली चेन बसवतो, तू तेवढं उजवीकडे शेवटपर्यंत जाऊन बघ, मोठा रस्ता लागतो का.

ती गेली. पाचेक मिनिटांनी आली. म्हणाली, "हो बाबा, मी शेवटपर्यंत जाऊन आले. पुढे मोठा रस्ता लागतो." आणि मला तत्क्षणी कळलं, की ही गेलेलीच नाही. कसं कळलं सांगू? आमची लेक खरं बोलते ती इंग्रजीत, फार तर हिंदीत. मराठीत मी विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. पण खोटं बोलायचं असलं की तिच्या तोंडून एकदम शुद्ध मराठी बाहेर पडतं, पाहुण्यांसमोर बोलल्यासारखं. शिवाय हनुवटीवर खजुराचा चीक. वळणापलीकडे बिहारचा एक कामगार खजुराचे घड उतरवत होता, त्याने "लो बेटा, खाओ" म्हणून ओंजळ भरून दिली असणार आणि ही तिथेच बसली असणार. सगळं कळलं, आणि तरी मी काय म्हणालो? "बरं, चल." म्हणालो आणि सायकल उजवीकडे वळवली! किलोमीटरभर गेल्यावर बोरूचं रान, तारेचं कुंपण, खलास. आणि मी, मला अजून कळत नाही का, मीच म्हणालो, "अरेच्चा, रस्ता हल्लीच बंद केलेला दिसतोय."

ते वाक्य तोंडातून गेलं आणि अण्णा, मला तुमचा आवाज ऐकू आला. "घड्याळ मागे पडलं असेल, साहेब."

मी बारा वर्षांचा होतो आणि तुम्हाला ताप होता. थंडीतली पाण्याची पाळी चालू, दार लावायची वेळ सकाळी आठची, आणि तुम्ही घोंगडीतून हात काढून मला हँडल दिलंत. "आठ वाजता लावायचं. आठ म्हणजे आठ. खाली शेवटच्या टोकाला कांदा वाळतोय लोकांचा." मी तुमच्या सायकलवरून निघालो, दांड्याखालून पाय घालून, छाती फुगवून. दाराशेजारी ज्यांचा ऊस, त्यांचं गुऱ्हाळ पेटलं होतं. त्या मामांनी हाक मारली, "ये रं, काकवी खाऊन जा. पाणी कुठं पळतंय!" पानावर गरम काकवी. मग आणखी एक पान. मग चुलवणाशी ऊब. तिकडे दार उघडंच, पाणी त्यांच्याच उसात चाललेलं. घरी आलो तर तुम्ही उठून बसला होतात, मांडीवर पाळीची वही. विचारलंत, "किती वाजता लावलंस?" मी म्हणालो, "आठ." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. किती वेळ बघितलंत ते आता आठवत नाही, आणि तेच तर आठवायला हवंय मला! मग दौत उघडून लिहिलंत, आठ. खाली सही केलीत. मला म्हणालात, "सायकल पुसून ठेव." मी पुसली नाही.

टोकाचे शेतकरी आपल्या कालव्याच्या चौकीवर आले. त्यांच्या कांद्याला पाणी पोहोचलंच नव्हतं, आणि त्यांच्यातलाच एकजण त्या सकाळी उघडं दार बघून गेला होता. पाटबंधारे खात्याचे साहेब आले, वही मागितली, वहीत तुमच्या अक्षरात आठ. मी चहा घेऊन आत आलो तेव्हा तुम्ही ते घड्याळाचं वाक्य बोललात. तुमचं घड्याळ! जे रोज रेडिओला लावायचात, जे अख्ख्या गावाला वेळ सांगायचं! मी चहा ठेवला आणि बाहेर पळालो. खोटी नोंद केली म्हणून तुमची बदली झाली, जिल्ह्याच्या कचेरीत, जुन्या दप्तरांच्या खोलीत. निवृत्तीपर्यंत तिथेच. बसने जायचात. सायकल जिन्याखाली उभी राहिली आणि आई तिच्यावर गोधड्या वाळत घालायची. मला तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. त्याच वर्षी वाढदिवसाला कंपासपेटी आणलीत. मी ती उघडली आणि रडलो, आई म्हणाली, आनंदाने रडतोय.

परवापर्यंत मी स्वतःला समजावत होतो, की तुम्हाला कळलंच नव्हतं, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. तेही काही सुखाचं नव्हतं, पण निदान सरळ होतं. आता गोंधळ झालाय सगळा. बापाला कळतं, हे मला त्या बागेत कळलं. विचारत विचारत गाडीपाशी परत येऊन तिची सायकल मागे बांधत होतो तर माझा तळहात हँडलच्या मुठीला चिकटला. खजुराचा चीक. दोन दिवसांनी ताप उतरल्यावर तुम्ही सायकल बाहेर काढली असेल, तेव्हा तुमचाही हात काकवीला चिकटला असणार. म्हणजे तेव्हा कळलं? की सही करतानाच कळलं होतं? आणि कळलं होतं तर साहेबांना का नाही सांगितलंत, पोराला पाठवलं होतं म्हणून? की पोराला हँडल दिलं हाच मोठा गुन्हा ठरला असता, म्हणून स्वतःसाठी गप्प बसलात? बघा, तुमच्याबद्दल असं मनात आणतोय मी. मग वाटतं, तुम्ही माझ्या तोंडून निघायची वाट बघत होतात. मग वाटतं, तो गप्पपणा हीच शिक्षा होती. मी इथे प्लँटवर शिफ्ट बघतो, रोज दहा व्हॉल्व्हच्या वेळा लिहितो, आणि स्वतः जाऊन बघितल्याशिवाय सही करत नाही. पोरं हसतात मला. हे तुम्ही शिकवलंत की मीच धसका घेतला, तेही सांगता येत नाही.

परत येताना चेकपोस्टपाशी गाड्यांची रांग होती. लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, आय डिडन्ट अ‍ॅक्चुअली गो. मैं बस खजूर खा रही थी." मी म्हणालो, "माहीत होतं मला." ती गर्रकन वळली. चिडली होती, डोळ्यांत पाणी. "तो फिर आप गए क्यों?"

अठरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, विचारायचं तरी कुणाला. शिपायाने इकामा मागितला, मी दिला, आणि पुढे आम्ही शावर्मा घेऊन घरी आलो. झोपण्याआधी ती गुडनाइट म्हणायला आली, नेहमीसारखी इंग्रजीत, आणि मला फार बरं वाटलं.

हे कागद मी सायकलच्या सीटखालच्या पिशवीत ठेवणार आहे, पंक्चरच्या सामानाजवळ. लेकीला खरं सांगायला दोन तासही लागले नाहीत, अण्णा. मला पस्तीस वर्षं लागली, आणि तुम्ही असताना त्यातली सतरा होती. आठ नव्हते वाजले. साडेदहा वाजून गेले होते.