शंखाचं तोंड कुठे?

१२ ऑगस्ट १९७४, नागपूर

आज हे बोलले! अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिल्यांदा.

मी सक्करदऱ्याच्या तलावातलं पाणगवत आणून माशांच्या काचेच्या टाकीत लावत होते, तर त्याला चिकटून एक गोगलगाय आली. फेकणारच होते. पण यांनी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं, म्हणून यांच्यासमोर धरली. शंखाचं टोक वर धरून तोंड कुठल्या बाजूला येतं, त्यावरून जात ओळखायची, हे ऐकून ऐकून मलाही पाठ.

“तोंड डावीकडे हाये, नाही का हो?”

यांनी मान हलवली. चांगल्या हाताने माझं मनगट फिरवून शंखाचं टोक वर केलं. तोंड उजवीकडे आलं! मी उलटा धरला होता. मुद्दाम? नाही... की मुद्दामच?

“उजवी... उजवीकडे हाये वं!”

आवाज घोगरा, पण वर्गात चिडायचे तसाच. मला हसू येऊन राहिलं होतं आणि डोळेही भरले.

“ठेवू का मग हिले? झाडं खाऊन टाकन ना.”

बराच वेळ नुसते ओठ हलले.

“खाऊ... दे.”

सोडली टाकीत. उद्या डॉक्टरांना सांगीन. आज कोणालाच नाही.